मदत हवी आहे: बाबांच्या गालात पांढरा चट्टा
नमस्कार. आम्ही बीड जिल्ह्यातले. बाबा (वय 58) गेली 30 वर्षं तंबाखू-चुना मळून डाव्या गालात धरतात. तिथंच पांढरा चट्टा आलाय, पुसून जात नाही. तिखटानं आग होते, तोंडात जेमतेम दोन बोटं मावतात. एरवी दुखत नाही म्हणून ते दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. पण तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणून तर जीव घाबरतोय. दातांच्या डॉक्टरकडे ते आयुष्यात एकदाच गेले, दाढ काढायला.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात अशी तपासणी कोणी केली आहे का? केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो? तुकडा काढून तपासायचा झाल्यास त्याच दिवशी काढतात का? तुमच्या घरच्यांना तयार कसं केलंत, तेही सांगा. आई मिश्री लावते, तिलाही सोबत नेणार आहे.