नवीन नोकरीला ४ महिने झालेत. बाळाचा विचार आत्ता की कन्फर्मेशननंतर?

वाळूजची_केमिस्ट

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचते. हा प्रश्न मैत्रिणींना विचारून झाला, पण प्रत्येकीने आपापली गोष्ट सांगितली आणि मी होते तिथेच राहिले.

वय ३१, लग्नाला ४ वर्षं झाली. एम.एस्सी. केमिस्ट्री. आधी ५ वर्षं एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये होते. तिथे एका सीनियर ताईला सातव्या महिन्यात "आता घरीच आराम करा" म्हणून पाठवलं, ती परत आलीच नाही. तिचा ॲप्रन वर्षभर खुंटीला लटकत होता. तेव्हाच ठरवलं, मूल होऊ द्यायचं ते धड नोकरी लागल्यावरच. ती नोकरी जूनमध्ये लागली. वाळूज एमआयडीसी, औषध कंपनी, क्यूसी (मालाचा दर्जा तपासणारा) विभाग. पगार ३८ हजार, ६ महिने प्रोबेशन. डिसेंबरात कन्फर्मेशन.

म्हणजे ज्याची वाट बघत होते ते झालं. आता सुचत नाहीये.

एक तर इंटरव्ह्यूत एका साहेबांनी विचारलं होतं, "घरी कोण कोण असतं? आणि पुढचं काय प्लॅनिंग?" मी हसून म्हणाले, "सध्या तरी करिअरच सर." ते वाक्य अजून घशात अडकलंय. दुसरं म्हणजे माझ्या सेक्शन हेड मॅडम. माझ्यासाठी त्या भांडल्या, आल्या आल्या नवीन एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) माझ्या हवाली केली, मेथड व्हॅलिडेशन, म्हणजे तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं, शिकवतायत. पुढच्या वर्षी मोठं ऑडिट आहे. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की मी चालले ६ महिने?

तिसरं, थायरॉइड. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडचा आकडा) ४.८ आलं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, दीड महिन्याने परत तपासायचंय. त्या म्हणाल्या, "घाई नाही, पण टंगळमंगळही नको." हे वाक्य मी घरी येईपर्यंत चार प्रकारे वाचलं.

नवरा म्हणतो, "तू ठरवशील तसं." पहिले दोन दिवस ऐकायला बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. सासूबाई गंगापूरला असतात, दर रविवारी फोन. त्या काही विचारत नाहीत, फक्त शेवटी "बाऽऽकी काय नवीन?" म्हणतात. त्या "बाऽऽकी"ची लांबी दर महिन्याला वाढतेय.

मी एक्सेल शीट केलीय. कन्फर्मेशन, एप्रिलचं अप्रेझल, ऑडिट, सगळे रकाने. जानेवारीत प्रयत्न सुरू केले तर ऑक्टोबर, मार्चमध्ये केले तर डिसेंबर. नवऱ्याने बघितली आणि म्हणाला, "यात पाऊस कधी पडणार तेही टाक."

तर प्रोबेशनमध्ये दिवस राहिले तर रजा मिळते का? आणि तुम्ही माझ्या जागी असता तर किती थांबला असतात?

हिशेबी

पुण्यात ११ वर्षं एचआरमध्ये आहे, त्यामुळे मी माझी गोष्ट सांगत नाही, नियम सांगते.

मातृत्व रजेच्या कायद्याला (१९६१ चा, २०१७ मध्ये दुरुस्त झालेला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आकडे तेच आहेत) तू प्रोबेशनवर आहेस की कायम, याच्याशी घेणंदेणं नाही. तो एकच विचारतो, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत या कंपनीत किमान ८० दिवस काम केलंस का? आठवड्याला ६ दिवस धरले तर ८० दिवस म्हणजे साधारण १४ आठवडे. तुझे आजच झाले असतील. आणि समजा याच महिन्यात दिवस राहिले, तर तारीख येणार पुढच्या जूनच्या शेवटी नाहीतर जुलैत. तोवर अडीचशेच्या घरात जाशील. म्हणजे नोकरीवर रुजू झाल्यानंतर ज्या बाईला दिवस राहतात, ती नियमित कामावर येत असेल तर ८० ची अट तिच्या आड येतच नाही. लोक उगाच "एक वर्ष पूर्ण होऊ दे" म्हणतात. ते वर्ष कुठून आलं मला माहीत नाही, बहुतेक ग्रॅच्युइटीच्या ५ वर्षांचं धाकटं भावंड असावं.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ तारखेआधी घेता येतात. पैसे मिळतात रजेआधीच्या ३ महिन्यांच्या सरासरी रोजावर. गरोदर आहे किंवा रजेवर आहे म्हणून काढता येत नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेतल्या रोजंदारीवरच्या बायकांनाही हा कायदा लागू होतो असं सांगितलंय, तिथे तुझ्या प्रोबेशनचं काय घेऊन बसलीस.

आता कागदाबाहेरचं. काढायचंच असेल तर कुणी "गरोदर आहे म्हणून" असं लिहीत नाही, "कामगिरी समाधानकारक नाही" असं लिहितात, आणि प्रोबेशनवर ते लिहिणं सोपं असतं. त्यामुळे कन्फर्मेशनचं पत्र हातात येईपर्यंत ऑफिसात या विषयावर चकार शब्द काढू नकोस. प्रयत्न करू नकोस असं म्हणत नाहीये. बोलू नकोस म्हणतेय. दोन्ही वेगळं.

मेडिक्लेमचं कार्ड काढून बघ. ग्रुप पॉलिसीत प्रसूतीसाठी ९ महिन्यांची अट असते, ती माफ केलेली आहे का, आणि सिझेरियनला मर्यादा किती. हे एचआरला विचारायची गरज नाही, पॉलिसीच्या कागदात असतं. (ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे त्यांचं प्रकरण ईएसआयकडे (सरकारी कामगार विमा योजना) जातं, तिथे मागच्या दोन वर्गणी-काळांत ७० दिवस भरलेले लागतात. तुला लागू नाही, इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.)

आणि ते इंटरव्ह्यूतलं वाक्य सोडून दे. चूक विचारणाऱ्याची.

कृष्णाकाठ

हिशेबीताईंचं सगळं बरोबर. पण मी माझी गोष्टच सांगणार, दुसरं माझ्याकडे काही नाही.

मी बँकेत. सांगली जिल्ह्यातली शाखा. प्रमोशनची परीक्षा होऊ दे म्हणून थांबले. मग नवीन शाखा, तिथे जम बसू दे म्हणून थांबले. एकतिसाव्या वर्षी जे सहज वाटत होतं ते तेहतिसाव्या वर्षी सुरू केलं आणि अडीच वर्षं लागली. मधे एकदा राहिलं, नवव्या आठवड्यात गेलं. मार्च एंड होता. चौथ्या दिवशी मी काउंटरवर. एक आजोबा पासबुक पुढे करून म्हणाले, "मॅडम, आज फार हळू चाललंय हो." खरंच हळू चाललं होतं. गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा असते हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्या शाखेतल्या शिपाईमावशीकडून.

आता मुलगी ४ वर्षांची आहे, खोड्या करते, सगळं छान. घाबरवायला लिहीत नाहीये. पण तुझ्या शीटमध्ये "जानेवारी ते ऑक्टोबर" असा सरळ रकाना आहे ना, तो बघून हसू आलं आणि वाईटही वाटलं. माझ्या डॉक्टर म्हणायच्या, सगळं ठीक असलं तरी तिशीच्या आसपास एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता पाचात एक. म्हणजे जास्त वेळा नाहीच. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून जमलं नाही तर तज्ज्ञाकडे जायचं, पस्तिशीनंतर सहाच महिने थांबायचं. मी ते वर्ष मोजायलाच उशिरा सुरुवात केली.

फॉलिक ॲसिड आजपासून सुरू कर, डॉक्टरांना विचारून. बाळाच्या मज्जासंस्थेची नळी पहिल्या ४ आठवड्यांत मिटते, तेव्हा आपल्याला पत्ताही नसतो. रुबेलाची लस घ्यायची राहिली असेल तर ती आधी, आणि मग महिनाभर थांबायचं.

ब्युरेट

मी पण क्यूसीतली, नाशिकला अंबडमध्ये. मी थांबायच्या बाजूची आहे, सॉरी.

मला रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात दिवस राहिले. रजा पूर्ण मिळाली, पैसेही वेळेवर. तक्रार नाही. पण सात-आठ महिन्यांच्या माणसाला कुणी ओळखत नसतं गं. परत आले तर माझं इन्स्ट्रुमेंट दुसऱ्याकडे, माझा लॉगिन बंद, आणि मी पुन्हा स्टॅबिलिटी सॅम्पल्सची (औषध किती टिकतं ते बघायला ठेवलेले नमुने) लेबलं चिकटवायला. नियमाने कुणी काही चुकीचं केलं नाही. शिकून झालेलं असतं तर "ती आल्यावर करेल" असं कुणी तरी म्हणालं असतं. तुझं व्हॅलिडेशन अर्धं असताना जाऊ नकोस. चार-पाच महिने फार नाहीत.

आणि कुणी लिहिलं नाही म्हणून, सॉल्व्हंट. आम्ही दिवसभर ॲसिटोनायट्राइल, मेथेनॉल, कधी क्लोरोफॉर्म हाताळतो. राहिल्यावर बघू असं करू नकोस. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) चालतं का ते टिश्यूचा तुकडा धरून बघ, आमच्याकडचं एक नुसता आवाज करायचं. मोबाइल फेज (एचपीएलसीत सोडायचं सॉल्व्हंटचं मिश्रण) भरताना ग्लोव्हज आणि मास्क आत्तापासून, म्हणजे नंतर कुणाला संशयही येत नाही. मी पॉझिटिव्ह आल्याच्या तिसऱ्या दिवशी मॅडमना एकट्यांना सांगितलं आणि डॉक्युमेंटेशनला मागून घेतलं. १२ आठवडे थांबून सांगतात तसं आपल्या कामात चालत नाही, हे लक्षात ठेव.

पाळणाघर बघून ये. ५० किंवा जास्त माणसं असली की कायद्याने सोय हवी. आमच्याकडे आहे. दोन प्लॅस्टिकचे घोडे, भिंतीवर मिकी माउस, आणि छतापर्यंत रिटेन्शन सॅम्पलचे (राखून ठेवलेल्या नमुन्यांचे) खोके. किल्ली स्टोअरवाल्याकडे.

हिशेबी

@ब्युरेट, किल्लीवर फार हसले. पण व्हॅलिडेशन संपल्यावर ऑडिट येतं, ऑडिट संपल्यावर नवीन प्रॉडक्ट येतं. तिने कुठे थांबायचं ते तिला आज ठरवू दे, नाहीतर कृष्णाकाठ म्हणतात तसं होतं.

ब्युरेट

मान्य. म्हणून तर चार-पाच महिने म्हटलं, चार-पाच वर्षं नाही.

सेकंड_शिफ्ट

एकटाच पुरुष दिसतोय इथे. चाकणला असतो.

"तू ठरवशील तसं" हे मीही म्हणालो होतो. मला वाटायचं आपण किती समजूतदार. बायको म्हणाली, "म्हणजे चुकलं तर माझं." तेव्हा उजेड पडला. नवऱ्याला हे काम दे: त्याच्या कंपनीत बाप झाल्यावर किती दिवस सुट्टी आहे ते विचारून यायचं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस असतात, आम्हा खाजगीवाल्यांना कायद्याने काहीच नाही, कंपनीची मर्जी. मला ५ मिळाले, त्यात एक रविवार. आणि रात्री कोण उठणार हे आत्ताच बोला, रात्री दोनला बोलणं होत नाही.

अजून एक. तपासण्या फक्त तुझ्याच चालल्यात असं दिसतंय.

वाळूजची_केमिस्ट

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, या आठवड्यात पहिली शिफ्ट होती. बस सिडकोवरून ६:४० ला सुटते, नगर नाक्यापर्यंत झोप लागते आणि तिथल्या स्पीडब्रेकरला मोडते. तुमचे सगळे प्रतिसाद तिथेच वाचले.

नेमणूक पत्र काढलं. चौदाव्या कलमात मातृत्व रजेबद्दल दोन ओळी आहेत, सही करताना मी वाचल्याच नव्हत्या. मेडिक्लेममध्ये ९ महिन्यांची अट माफ आहे, सिझेरियनला मर्यादा ७५ हजार. टिश्यूचा प्रयोगही केला. आमचं हूड ओढतं. शेजारच्या बाकावरचं नाही ओढत, तक्रार टाकली.

@ब्युरेट, व्हॅलिडेशन फेब्रुवारीत संपतंय. पण मी फेब्रुवारीपर्यंत थांबणार नाही, असं आज वाटतंय. पत्र डिसेंबरात, टीएसएच त्याआधी, आणि मग जे होईल ते. पाचात एक असेल तर फेब्रुवारी तसाही मधे येऊन जाईल. लगेच राहिलं तर मॅडमना पहिल्या आठवड्यातच सांगेन. त्या चिडल्या तर चिडल्या. शीट डिलीट नाही केली, फक्त ऑक्टोबरचा रंग काढला.

@कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. फॉलिक ॲसिड सोमवारपासून सुरू.

@सेकंड_शिफ्ट, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. आधी म्हणाला, "हा कोण माणूस?" मग गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या एचआरला विचारून आला: ३ दिवस. रात्री स्वतःहून म्हणाला, त्या तपासणीला उपाशीपोटी जावं लागतं का? मी म्हटलं, उपाशी नाही, पण दुसरी अट आहे, ती डॉक्टरांकडूनच ऐक. शनिवारी सकाळची वेळ घेतलीय. गंगापूरचा फोन आज शुक्रवारीच आला, उद्या या म्हणून. फोन त्याने घेतला. "उद्या नाही जमणार आई, मला दवाखान्यात जायचंय," म्हणाला. पलीकडे बराच वेळ शांतता, आणि मग, "तुला? तुला काय झालं?"