गंबो: रू काळा केला की रस्सा पातळ का राहतो?

वरणफळ:
अमेरिकेतल्या ल्युझियाना राज्याचा चिकन-सॉसेज गंबो, म्हणजे रू (तेलात भाजलेला मैदा) घालून केलेला रस्सा. प्रमाण: १ कप तेल, १ कप मैदा, ८ कप चिकन स्टॉक. रू चॉकलेटी रंगावर नेला की चव छान येते, पण रस्सा साराइतका पातळ राहतो आणि वर तेलाचा जाड तवंग. मैदा वाढवावा का? शिवाय कुठे भेंडी घालतात, कुठे फिले, कुठे टोमॅटो. नक्की काय घालायचं?

उलथनं:
मैदा वाढवू नका. दाटपणा मैद्यातल्या स्टार्चचा, आणि रू जितका भाजाल तितका स्टार्च तुटत जातो. पीनट बटरच्या रंगाचा रू त्याच मापात बराच दाट रस्सा देतो. पण चिकन-सॉसेजला चॉकलेटी रूच शोभतो, तेव्हा स्टॉक ६ कपांवर आणा आणि झाकण न ठेवता तासभर मंद उकळू द्या. तरी फार तर कढीइतका दाट होईल. तेवढाच हवा.

तवंग सगळा रूचा नसतो. सॉसेजचे काप आधी वेगळे परतून सुटलेली चरबी टाकून द्या, कोंबडीची कातडी काढा. उकळताना भांडं आचेवरून थोडं एका बाजूला सरकवलं की तवंग दुसऱ्या बाजूला जमतो, पळीने काढता येतो.

रू मध्यम आचेवर ३५ ते ४५ मिनिटं, हात न थांबवता. उलथनं चपट्या टोकाचं घ्या. गोल चमचा भांड्याच्या कडेला पोचत नाही आणि तिथलाच मैदा आधी करपतो. काळे ठिपके दिसले तर सगळं फेकून द्या, तो कडवटपणा कशानेही जात नाही. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश जळतो. कांदा आधीच चिरून हाताशी ठेवा आणि हवा त्या रंगाच्या एक छटा आधी ओता. बिडाचं भांडं आच बंद केली तरी भाजतच राहतं, कांद्याचं पाणी त्याला थोपवतं. वाफेचा भपकारा येतो, तोंड लांब ठेवा. २ कांदे, १ ढोबळी मिरची, सेलरीचे २-३ देठ; या तिघांना तिकडे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात.

तिरफळ:
‘गंबो’ हा शब्दच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आला, असं सहसा मानतात. फिले म्हणजे सॅसफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड, ती तिथल्या चॉक्टॉ आदिवासींकडून आली. दोन्ही रस्सा दाट करतात, म्हणून बहुधा एकच घालतात.

भेंडी (पाव किलो) वेगळ्या भांड्यात तेलावर तार मोडेपर्यंत परता, मगच रश्श्यात. फिले मात्र उकळत्या रश्श्यात कधीच नको, दोरे सुटतात. उरलेला गंबो पुन्हा तापवतानाही तेच होतं, त्यामुळे पातेल्यात न घालता वाडग्यात वाढल्यावर अर्धा चमचा भुरभुरवा.

टोमॅटो न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल (शहरी, मिश्र परंपरेच्या) घरांत चालतो. पश्चिमेला लाफायेतकडच्या केजन लोकांपुढे (कॅनडातून आलेल्या फ्रेंचांचे वंशज) त्याचं नाव काढू नका. आणि सॉसेज धुरी दिलेलं हवं, शक्यतो आंदुई नावाचं डुकराच्या मांसाचं. गोव्याचं चोरिस टाकायचा मोह होईल, पण त्यातलं व्हिनेगर आणि मिरची रूची चव पार झाकतात.

पळीवाढी:
४५ मिनिटं ढवळायची गरजच नाही. बिडाच्या भांड्यात तेल-मैदा कालवा, १७५ अंशांच्या ओव्हनमध्ये उघडं ठेवा, दर २० मिनिटांनी ढवळा. दीड तासात काम होतं. तेल टाळायचं तर मैदा कोरडाच भाजा, पण तो थंड स्टॉकमध्ये कालवून मग ओता, नाहीतर गुठळ्या होतात. बेसनाचे लाडू भाजणाऱ्याचं नाक इथे कामाला येतं. बेसन मात्र घालू नका, सरळ पिठलं होईल.

उलथनं:
ओव्हनमधला रू चॉकलेटी व्हायला दीड तास पुरत नाही, दोन तास धरा. शेवटच्या अर्ध्या तासात दर १० मिनिटांनी बघा, रंग तेव्हाच झपाट्याने बदलतो.

वरणफळ:
आणि भात?

तिरफळ:
लांब दाण्याचा, मोकळा, वाडग्यात मध्ये एक मूद. आपल्यासारखा भात जास्त नि वर रस्सा नाही. रस्सा जास्त, भात तोंडी लावण्यापुरता. केजन भागात काही जण भाताऐवजी बटाट्याचं गार सॅलड थेट गरम गंबोत टाकतात.