दहावीच्या भूमितीत गेम बनवणं घुसवावं का?

गणितमास्तर_महाल
उन्हाळा आला की नागपुरात धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत ‘गेम डिझाइन शिका’चे बोर्ड लागतात. माझं म्हणणं, हे शिबिरात नको, भूमितीच्या तासाला हवं. स्क्रीनवरचं पात्र उजवीकडे जातं, वर जातं. दोन्ही बटणं एकदम दाबली की तिरपं जाताना ते जास्त वेगानं पळतं. किती? 1.414 पट. पायथागोरस! मग तो वेग सारखा कसा करायचा, हे पोरं स्वतःच विचारतात. दोन गोल एकमेकांना धडकले का, हे ठरवायला अंतराचं सूत्र लागतं. केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी झालं की टक्कर. हेच सूत्र फळ्यावर सांगितलं की अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतो.

बर्डीचा_बाप
सर, आयडिया झकास आहे, पण जरा आमच्या घरी येऊन पाहा ना जी. पोरगा मोबाइल सोडत नाही. सकाळी शाळा, संध्याकाळी नीटचा क्लास. त्यात तुम्ही म्हणता गेम! सरकारनं 2025 मध्ये ऑनलाइन गेमवर कायदा केला तो काऊन केला मग?

गणितमास्तर_महाल
तो पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे भाऊ. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, प्रोत्साहन द्यायची गोष्ट त्याच कायद्यात आहे. आणि गेम खेळणं वेगळं, बनवणं वेगळं. बनवताना दोन तासांत एक उडी जमते, तीही भिंतीत अडकते.

लॅबवाली_मॅडम
कागदावर छान आहे. आमच्या लॅबमधल्या मशीन 4 जीबी रॅमच्या. थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर, ब्लेंडर, निदान 8 मागतं. आणि वीज गेली की झालं.

गणितमास्तर_महाल
थ्रीडी पहिल्या वर्षी नकोच. गेम बनवायचं गोडो सॉफ्टवेअर फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, टूडीपुरतं साध्या मशीनवर चालतं. उलट जुनी-नवी मशीन शेजारी असली तर बरंच. दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र बदलतं त्या प्रत्येक वेळी, पाच पिक्सेल सरकव म्हटलं, तर सेकंदाला 60 फ्रेम देणाऱ्या मशीनवर पात्र धावतं आणि 30 वाल्यावर रांगतं. वेगाला वेळेनं का गुणायचं, हे तिथं डोळ्यांना दिसतं.

चित्रकला_शिक्षिका
मास्तर, तुम्ही गेममधून गेमच काढून टाकला. सगळं सूत्रच! डिझाइन म्हणजे नियम. आधी कॉम्प्युटर बंद ठेवा, फरशीवर खडूनं चंगाअष्टा आखा. एकच नियम बदला: मारलेली सोंगटी घरी परत जाणार नाही. दोन डावांत पोरं कंटाळतात. का कंटाळली, ते त्यांनाच लिहायला सांगा. यातून जे कळतं ते कोडमधून कळत नाही. आणि ग्राफिक्सच म्हणत असाल, तर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल समोर ठेवून समोरून, बाजूनं, वरून काढून घ्या. ब्लेंडर नंतर.

लॅबवाली_मॅडम
हे पटलं. विजेचाही प्रश्न नाही.

गणितमास्तर_महाल
बैलाचं घेतो. चंगाअष्ट्याचं मला अजून पटत नाही, भूमितीच्या तासाला खडूनं पट आखला तर मुख्याध्यापक काय म्हणतील!

बर्डीचा_बाप
दहावीला हात लावू नका एवढंच. करायचं तर आठवीवर करा.

गणितमास्तर_महाल
चालेल. पायथागोरस त्यांचा सातवीतच झालेला असतो, तिरप्या चालीपुरतं तेवढं पुरे. टकरीचं मात्र दहावीतच घेईन, दोन तास.

बर्डीचा_बाप
एक तास.