एमबीए प्रवेशाचे मॉक (सराव पेपर): पेपर संपल्यावर काय करता? (अनुभव धागा)

गोदाकाठ:
नाशिकच्या कॉलेज रोड किंवा कॅनडा कॉर्नरच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा, एमबीएची तयारी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कालच्या मॉकला किती पडले?" गेलेले मार्क कुठल्या प्रश्नांवर गेले, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. मॉक कसा द्यायचा, दिल्यावर त्याचं काय करायचं, काय फसतं आणि का फसतं, हे ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी तपशिलात लिहा. क्लासची जाहिरात आणि पीडीएफची मागणी नको.

आधी सीईटीचा (राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा) साचा, म्हणजे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलू. २०० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येकी १ मार्क, ५ पर्याय, निगेटिव्ह (चुकीला वजा मार्क) नाही. लॉजिकल रीझनिंग ७५, अ‍ॅबस्ट्रॅक्ट (आकृत्यांचे प्रश्न) २५, क्वांट (गणित) ५०, व्हर्बल (इंग्रजी) ५०. विभागवार वेळेचं बंधन नाही, त्यामुळे वेळ तुम्हालाच वाटून घ्यावी लागते. सरासरी एका प्रश्नाला ४५ सेकंद. सुरुवातीला चालणारी वाटणी अशी: लॉजिकल ६५ मिनिटं, अ‍ॅबस्ट्रॅक्ट १२, क्वांट ४०, व्हर्बल ३०. उरलेली ३ मिनिटं कोऱ्या प्रश्नांत पर्याय भरायला. ती ३ मिनिटं कुणाला उधार द्यायची नाहीत. २० प्रश्न कोरे राहिले तर नुसत्या अंदाजाने सरासरी ४ मार्क मिळतात, आणि सीईटीच्या गर्दीत ४ मार्कांनी पर्सेंटाइल (शंभरातले किती जण तुमच्या मागे आहेत तो आकडा) बरंच हलतं.

पंचवटी_क्वांट:
मॉक अडीच तासांचा असेल तर तपासणीला किमान तीन तास हवेत. पेपर संपला की लगेच सोल्यूशन उघडायचं नाही, इथेच निम्मे लोक घसरतात. आधी चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न घड्याळाशिवाय पुन्हा सोडवायचे आणि मगच उत्तरं बघायची. सोल्यूशन वाचताना सगळंच सोपं वाटतं, आणि तोच प्रश्न पुढच्या मॉकमध्ये आला की हात पुन्हा थांबतो.

मग वहीत चार रकाने आखा: चुकलं, सोडलं पण येत होतं, बरोबर पण ९० सेकंदांच्या वर, अंदाजाने बरोबर. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण आखतच नाहीत, कारण तिथे मार्क मिळालेले असतात. खरी गळती तिथेच असते. चार मिनिटं घेऊन बरोबर आलेला प्रश्न पुढचे चार सोपे प्रश्न खाऊन बसलेला असतो.

प्रत्येक नोंदीपुढे कारण एकाच शब्दात लिहा: संकल्पना, वाचन, आकडेमोड किंवा निवड (नको तो प्रश्न घेतला). "सिली मिस्टेक" असं लिहू नका, त्यातून पुढे करायचं काही निघत नाही. नोंद अशी असावी: "प्र. ११२, वाचन, 'नॉट' सुटला." अशा पाच नोंदी झाल्या की उपाय आपोआप दिसतो. प्रश्नातला 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' रफ कागदावर लिहून त्याभोवती गोल करायचा, मगच पर्याय वाचायचे.

आकडेमोडीचं एक उदाहरण देतो. तक्त्यात एकूण ११८९ आणि त्यातले ३४७, टक्केवारी विचारली आहे. पर्याय २४.२, २६.७, २९.२, ३१.५, ३३.८. इथे भागाकार मांडायचाच नाही. ११८९ चे ३० टक्के म्हणजे साधारण ३५७. आपल्याकडे १० कमी आहेत, आणि १ टक्का जवळपास १२ चा. म्हणजे ३० मधून ०.८ गेले, उत्तर २९.२. पंधरा सेकंद लागतात. पर्याय एकमेकांपासून लांब आहेत का, हे आधी बघायचं आणि मगच किती काटेकोर हिशोब करायचा ते ठरवायचं. सीईटीचा सराव कॅल्क्युलेटर बाजूला ठेवूनच करा.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांसाठी. थर्ड शिफ्ट करून आल्यावर सकाळी दिलेला मॉक तयारी मोजत नाही, झोप मोजतो. तो स्कोअर आलेखात धरू नका. पूर्ण मॉक साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर. मधल्या दिवशी विभागाचा तुकडा घ्या: २५ लॉजिकल २० मिनिटांत किंवा २५ क्वांट २० मिनिटांत, आणि त्याच दिवशी तपासणी. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली की तो प्रश्न सोडवताना डोक्यात काय चाललं होतं ते आठवत नाही, आणि कारणाचा रकाना कोरा राहतो.

मोबाइलवर पूर्ण मॉक देऊ नका. परीक्षा डेस्कटॉपवर, माउसने असते. स्क्रीनवर प्रश्न वाचून कागदावर मांडणी करायची आणि पुन्हा स्क्रीनवर यायचं, या ये-जा करण्यात सुरुवातीला बरीच सेकंदं जातात. ती सवय फोनवर लागत नाही.

आकृतीवेडी:
अ‍ॅबस्ट्रॅक्टबद्दल थोडंसं. पूर्ण आकृती एकदम बघितली की गोंधळ होतो. एकच घटक धरा, समजा बाण, आणि तो चौकटीगणिक किती फिरतो ते बघा: दर वेळी ४५ अंश, की आधी ४५, मग ९०, मग १३५? तेवढ्यावर पाचांतले दोन-तीन पर्याय उडतात. मग दुसरा घटक धरा. दोन घटक तपासूनही नियम दिसला नाही तर पुढे जा, ३० सेकंदांच्या वर थांबू नका. आणि हा विभाग शेवटी ठेवू नका. थकलेल्या डोळ्यांना आरशातली आकृती आणि फिरवलेली आकृती सारखीच दिसते.

पंचवटी_क्वांट:
@आकृतीवेडी, क्रमाबद्दल थोडं वेगळं मत. लॉजिकलमधले लांबलचक बैठक-व्यवस्थेचे सेट (एकाच माहितीवरचे प्रश्न) सलग सोडवले तर डोकं जड होतं, तिथे मध्येच अ‍ॅबस्ट्रॅक्ट घेतलं तर बरं पडतं. पण क्रम कुठलाही घ्या, तीन मॉक तोच ठेवा. दर मॉकला क्रम बदलला तर स्कोअर क्रमामुळे बदलला की अभ्यासामुळे, ते कळणार नाही.

निफाडकर:
तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून शिकलेल्यांना मॉकमध्ये पहिला फटका व्हर्बलला नाही, लॉजिकलला बसतो. पेपर इंग्रजीत असतो. आठ जण गोल टेबलाभोवती, त्यातले काही आत तोंड करून, काही बाहेर. हे कोडं मराठीत सांगितलं तर ही मुलं पटकन सोडवतात. इंग्रजीत अटी वाचतानाच वेळ जातो. म्हणून चुकांच्या वहीत अटींची भाषा वेगळ्या पानावर उतरवा: 'इमिजिएट लेफ्ट', 'सेकंड टू द राइट', 'नायदर-नॉर', 'अनलेस', 'अ‍ॅट मोस्ट'. प्रत्येकापुढे त्याचं चिन्ह ठरवा आणि तेच चिन्ह कायम वापरा. शब्द मोजकेच आहेत, त्यामुळे हे पान लवकर भरतं.

उताऱ्यासाठी वेग मोजा. ४५० शब्दांचा उतारा मिनिटाला १५० शब्दांनी वाचला तर ३ मिनिटं, २०० ने वाचला तर सव्वादोन. रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख घड्याळ लावून वाचायचा आणि बाजूला ठेवून मराठीत दोन ओळींत सांगायचा. सांगता आलं नाही तर वेग फसवा आहे.

इंदिरानगर_कॅट:
कॅटची (आयआयएमसाठीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी सीईटीच्या मॉकवर होत नाही, आणि उलटही नाही. कॅटमध्ये तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं, क्रम ठरलेला, मागे-पुढे जाता येत नाही. बरोबर उत्तराला ३, पर्यायाच्या प्रश्नात चूक झाली तर १ वजा. टाइप करायच्या उत्तरांना निगेटिव्ह नाही, ती कोरी सोडायचं कारण नाही. चार पर्यायांत आंधळेपणाने ठोकलेलं उत्तर सरासरीने शून्य देतं. एक पर्याय खात्रीने उडाला तरच हिशोब तुमच्या बाजूला झुकतो. मॉकमध्ये ठोकलेल्या उत्तरांवर खूण करा आणि पाच-सहा मॉकनंतर त्यांची बेरीज बघा. वजा येत असेल तर तुमचा "खात्रीने" खात्रीचा नाही.

डीआयएलआरच्या (तक्ते-आलेख आणि लॉजिकलच्या विभागाच्या) ४० मिनिटांतली पहिली ५ फक्त सेट निवडायला द्या. तपासणीतही सगळ्यात आधी हेच बघा: सोडलेल्या सेटमधला कुठला सोपा होता, आणि पहिल्या वाचनात तो अवघड का वाटला? लांब मजकूर बघून सोडला असेल तर ती चूक दुरुस्त करता येते. लांब मजकुराचे सेट पुष्कळदा अटी भरपूर असल्यामुळेच लवकर सुटतात.

गोदाकाठ:
छान चाललंय. किती मॉक द्यायचे, यावरही लिहा. आणि मॉकच्या पर्सेंटाइलवर कितपत विश्वास ठेवायचा?

पंचवटी_क्वांट:
तपासणीसकट १५ ते २० पुरेत. शेवटचे दोन महिने उरेपर्यंत आठवड्याला एक, नंतर दोन. शेवटच्या दोन दिवसांत एकही नाही, फक्त चुकांची वही. एकाच आठवड्यात पाच मॉक दिले की तेच प्रकार पाच वेळा चुकतात.

मॉकचं पर्सेंटाइल तो मॉक देणाऱ्यांपुरतंच असतं. खुद्द सीईटीतही पर्सेंटाइल आपल्या शिफ्टच्या (परीक्षेच्या सत्राच्या) तुलनेत निघतं, म्हणून दोन शिफ्टचे कच्चे मार्क समोरासमोर ठेवण्यात अर्थ नाही. बघायचं ते अटेम्प्ट आणि अचूकता. १७० सोडवून ११० बरोबर आणि १३० सोडवून ११० बरोबर, मार्क सारखेच, पण पहिल्याला वाचन आणि निवड सुधारायची आहे, दुसऱ्याला वेग. विकतचा मॉकचा सेट घेण्याआधी ५ पर्याय आणि विभागवार संख्या जुळते का ते बघा. सीईटीच्या नावाखाली कॅटच्या धाटणीचं क्वांट दिलेलं असेल तर तो सेट बाजूला ठेवा. प्रश्नाला तीन मिनिटं द्यायची सवय इथे महागात पडते.

आकृतीवेडी:
बटणांचंही लिहायला हवं. पर्याय निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता पुढच्या नंबरवर उडी मारली की उत्तर नोंदलं जात नाही. नुसतं 'मार्क फॉर रिव्ह्यू' म्हणजे उत्तर नव्हे. मॉकमध्ये प्रत्येक वेळी उजवीकडची प्रश्न क्रमांकांच्या रंगांची यादी बघूनच पेपर संपवा.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
वीज गेली तर काय, यासाठी: लॅपटॉप पूर्ण चार्ज, फोनचा हॉटस्पॉट तयार. बऱ्याच मॉकमध्ये ब्राउझर बंद पडला तरी घड्याळ चालूच राहतं. मध्ये दहा मिनिटं गेली तर तो पेपर पुन्हा पहिल्यापासून न देता तुकड्यांच्या सरावाला वापरा. प्रश्न आधी बघितलेले असले की स्कोअर फुगतो.

हॉल तिकिटावर शिफ्ट दिसली की शेवटचे तीन मॉक त्याच वेळेला द्या. दुपारची असेल तर उन्हाचा विचार आधी करा: जेवण परीक्षेच्या दोन तास आधी, हलकं. केंद्र आडगाव किंवा त्र्यंबक रोडच्या बाजूचं आलं तर एकदा त्याच वेळेला जाऊन या. द्वारका चौकात किती वेळ मोडतो, ते त्याच दिवशी कळायला नको.