दुबईत देवघर, गणपती, रमजान... नक्की काय चालतं?

निशा_पुणे: मिस्टरांना दुबईत जॉब लागलाय, पुढच्या महिन्यात शिफ्ट होतोय. सासूबाई सारख्या विचारतायत घरात देव ठेवता येतील का, गणपती बसवता येईल का. कोणी म्हणतं सगळं मोकळं आहे, कोणी म्हणतं एअरपोर्टवर मूर्ती काढून घेतात. तिथल्या लोकांनी सांगा प्लीज.

करामावाली: आमचे देव पुण्याहून बॅगेतूनच आले, कोणी विचारलंसुद्धा नाही. घरात पूजा करा, गणपती बसवा, फक्त मिरवणूक आणि समुद्रात विसर्जन नाही, आम्ही घरीच बादलीत करतो. बर दुबई या जुन्या भागातलं कृष्ण मंदिर 1958 पासूनचं आहे आणि मोठ्या मशिदीच्या अगदी मागे, आरती चालू असताना अजान ऐकू येते, शेजारच्या गल्लीत फुलं, हार, नारळ सगळं मिळतं. दुबईतल्याच जेबेल अली भागात 2022 मध्ये नवीन मंदिर झालं, त्याला लागून गुरुद्वारा, तिथेच चर्चेस. सासूबाईंना तिथे आधी न्या, त्यांची काळजी मिटेल.

रत्नागिरीकर: रमजानचं मी सांगतो, आमच्या घरातली दुसरी पिढी आहे इथे. हॉटेलांना पडदे लावायची सक्ती 2021 लाच गेली, दिवसा जेवण मिळतं, ऑफिसात पँट्रीत बसून खा-प्या, रोजा असलेल्या माणसासमोर डेस्कवर नको एवढंच. कामाचे दोन तास कमी होतात ते तुमच्या मिस्टरांनाही लागू आहे. आणि कुराणातच आहे ना ताई, तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला. मला हे मनापासून पटतं म्हणून लिहितोय. जुमेराह मशिदीत मुस्लिम नसलेल्यांसाठी टूर असते, काहीही विचारा, उत्तर देतात, सासूबाईंना घेऊन नक्की जा. इफ्तारला शेजारी ताट पाठवतील ते प्रेमाने घ्या, नॉनव्हेज खात नसाल तर आधीच सांगा, कोणाला राग येत नाही.

शारजाह_संदीप: वरचं सगळं खरंय पण अर्धंच. पूजेची मोकळीक आहे ती घरात आणि परवानगी मिळालेल्या जागेत. दहा घरांनी मिळून हॉल घेऊन सत्संग ठेवला तर परवानगी लागते, मुस्लिम माणसाला आपल्या धर्मात ओढायचा प्रयत्न हा गुन्हा आहे, उलट दिशेने मात्र चालतं, हे मला बरोबर वाटत नाही. 2015 पासून कायद्याने धर्माचा अपमान आणि धर्मावरून द्वेष पसरवणं गुन्हा आहे, त्यात सोशल मीडियाही आला. आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर जे फॉरवर्ड फिरतात त्यावरून इथे भारतीयांच्या नोकऱ्या गेल्यात, केसेस झाल्यात. मिस्टरांना सांगा यायच्या आधी तसले ग्रुप सोडा.

रत्नागिरीकर: संदीप, फॉरवर्डचं एकदम बरोबर. पण द्वेष पसरवण्याचा तोच कायदा तुमच्या बाजूनेही लागू आहे, मशिदीत कोणी मूर्तीपूजकांविरुद्ध द्वेष पसरवला तर तोही अडकतो. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, सरकार ठरवून देतं, वाट्टेल ते बोलता येत नाही.

शारजाह_संदीप: हो, ते मान्य. फक्त ती शिस्त वरून आलेली आहे, हेही निशाताईंना माहीत असावं.

निशा_पुणे: खूप थँक्स सगळ्यांना. शाडूची मूर्ती तिकडे मिळते का पुण्याहून आणू?

करामावाली: बर दुबईत मिळते, पण गणपतीच्या आठवड्यात गर्दी फार, आधीच बुक करा.