मदत हवी आहे: बाबांच्या सीटीत संगणकाने चार गाठी दाखवल्या, डॉक्टरांनी एकच लिहिली

नमस्कार मंडळी,
आम्ही दारव्हा तालुक्यातले. बाबा ६२ वर्षांचे. २२ हंगाम जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत काढले, विडी तीन वर्षांपूर्वी सुटली. २०११ मध्ये टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या घेऊन कोर्स पूर्ण केला. दिवाळीपासून खोकला हटेना म्हणून छातीचा सीटी केला.

सेंटरवरून दोन कागद मिळाले. रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टात उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला ७ मिमीची एक भरीव गाठ आणि जुन्या टीबीचे व्रण, एवढंच आहे. दुसरा कागद संगणकाचा. त्यावर चार लाल गोल, प्रत्येकाखाली मिमीचा आकडा. काउंटरवर विचारलं तर "ते मशीनचं आहे, डॉक्टरांना दाखवा" म्हणाले. आमचे डॉक्टर सोमवारी भेटणार.

बाबांना इंग्रजी येत नाही, पण गोल मोजता येतात. काल रात्री एकेका गोलावर बोट ठेवून मोजले, "चार हायेत न बाबू?" म्हणाले आणि न जेवताच झोपले. मायला अजून सांगितलं नाही.

बाकीच्या तीन गाठी डॉक्टरांच्या नजरेतून सुटल्या, की मशीन चुकलं? फिल्म खिडकीशी धरून पाहिली, मला सगळे ठिपके सारखेच दिसतात. कपाशी वेचणीला आली आहे, तरी सगळं टाकून नागपूरला न्यायचं का?

उत्तर:
दादा, मी सीटी टेक्निशियन आहे. निदान करणं माझं काम नाही, पण असे गोल रोज पाहते. एकही गाठ सुटू नये म्हणून मशीन जरा जास्तच खुणा करतं. सीटी म्हणजे छातीच्या एकामागून एक आडव्या कापांची चित्रं. अशा एखाद्या कापात रक्तवाहिनी आडवी आली की ती हुबेहूब गाठीसारखी दिसते. वरखालचे काप पाहिले की तीच वाहिनी पुढे लांबत जाते, गाठ मात्र तिथेच संपते. टीबीच्या व्रणांवरही बऱ्याचदा गोल पडतो. डॉक्टरांनी ते तीन पाहून वगळले असावेत, पण गृहीत धरू नका, सेंटरला फोन करून स्पष्ट विचारा.

फिल्मवर हे कळणार नाही. सीडी मागा, १ मिमीच्या आसपासच्या पातळ कापांसकट. जुना सीटी असेल तर सोन्यासारखा जपून न्या. गाठ तेव्हाही तेवढीच असेल तर मोठी काळजी मिटते. एक्स-रेत एवढी लहान गाठ बहुधा दिसत नाही, तरी तोही न्या, जुने व्रण ओळखायला कामी येतो.

६ ते ८ मिमीच्या एकट्या भरीव गाठीसाठी फ्लायश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅन तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या शिफारशीत ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी सांगितला आहे. बाबांना खोकला आहे, विडीही होती, म्हणून त्यांचं डॉक्टरच ठरवतील. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती आधी करून घ्या, टीबी उलटू शकतो. थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन उतरत असेल तर सोमवारची वाट पाहू नका, वेचणीचीही नाही.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. रक्त नाही, वजनही तेवढंच आहे. सेंटरला फोन केला, सीडी उद्या देतो म्हणाले. सीटी तेव्हा काढलाच नव्हता, पण २०११ चा एक्स-रे मायच्या ट्रंकेत लुगड्यांखाली सापडला. कशाला शोधतोस म्हणून तिनं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं तिला. सोमवारी तीही येते आहे.