शब्दचर्चा: बँडमध्ये येणारे ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणे, साथीदार की आणखी कोणी?

मूळ प्रश्न
आम्ही दहा-बाराजण महिन्यातून एकदा जुन्या रेकॉर्डी ऐकायला जमतो. या खेपेला गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनचा जॅझ-रॉक बँड महाविष्णू ऑर्केस्ट्रा आहे आणि टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अडलोय एका वाक्यावर. १९७४ साली जॉन मॅक्लॉफ्लिनने ‘गेस्ट म्युझिशियन्स घेऊन बँडचा साउंड एक्स्पांड केला’, हे मराठीत कसं लिहू? ‘अतिथी वादकांमुळे बँडचा ध्वनी विस्तारला’ असं घरी वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, ‘नवे लाउडस्पीकर घेतले का त्यांनी?’

प्रतिसाद
‘अतिथी’ काढाच. शाल-श्रीफळ डोळ्यांपुढे येतं. सिनेमाच्या श्रेयनामावलीत ‘पाहुणे कलाकार’ कधीचं रुळलंय, तसं ‘पाहुणे वादक’ करा.
‘ऑर्केस्ट्रा’वरही एक ओळ हवी. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम. हा तर १९७१चा पाचजणांचा बँड: गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड, बास, ड्रम्स. खराखुरा ऑर्केस्ट्रा आला तो १९७४च्या ‘अपोकॅलिप्स’ या रेकॉर्डमध्ये. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, संचालनाला मायकेल टिल्सन थॉमस, निर्माता बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन.

प्रतिसाद
एवढी माणसं आली तर पाहुणे कसले, वऱ्हाडच की!

प्रतिसाद
मी तबला वाजवतो, म्हणून थोडं लांबण लावतो. ‘साथीदार’ मात्र लिहू नका. साथीला बसणारा मुख्य कलाकाराला सांभाळत वाजवतो. त्याला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर ठेका धरून बसायचं. पाहुण्याचं तसं नसतं, त्याच्यासाठी पाट मांडतात. मॅक्लॉफ्लिनच्याच दुसऱ्या बँडचा, ‘रिमेंबर शक्ती’चा, मुंबईत वाजवलेला ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ (२००१) ऐका. घरचे चौघे: मॅक्लॉफ्लिन, तबल्यावर झाकीरभाई (झाकीर हुसेन), मँडोलिनवर यू. श्रीनिवास आणि सेल्वागणेश. त्यातल्या ‘शृंगार’मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर येतं तेव्हा हे यजमान कसे सरकून जागा देतात ते बघा. याला साथ म्हणालात तर उलटीच गंगा.
दुसरं म्हणजे, नवा माणूस आला की तो पाहुणा, असं नाही. १९७४च्या महाविष्णूत व्हायोलिनवर जेरी गुडमनऐवजी झाँ-ल्यूक पाँटी होता. तो बँडमधलाच, घरचा. पाहुणी ती सिंफनी. टिपणात ही गल्लत नको.

प्रतिसाद
आणि राहूनच गेला तर? ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.’ त्याच मुंबईच्या रेकॉर्डवर शंकर महादेवन पाहुणे होते, पुढे शक्तीचे गायकच झाले. शक्तीच्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला २०२४मध्ये ग्रॅमी मिळालं ते घरचे म्हणून.
आमच्या सांगलीकडे मात्र हा पेच पडत नाही. पाव्हणं म्हणजे सोयरासुद्धा. एकदा पाव्हणं झाला की जन्मभर पाव्हणंच, मग मुक्काम एक दिवसाचा असो की महिनाभराचा. बाकी शब्द जुना आहे, संस्कृत ‘प्राघुण’वरून आलेला.

प्रतिसाद
‘साउंड’चं कोणीच बोललं नाही. ‘ध्वनी’पुढे ‘प्रदूषण’च सुचतं. ‘नाद’ म्हणावं तर ‘नादी लागला’ची सावली पडते. ‘बाज’ चालेल का?

प्रतिसाद (पुन्हा तबलेवाला)
‘बाज’ इथे नको. दिल्ली बाज, पूरब बाज म्हणतो तेव्हा बोटं कशी पडतात, बोल कसे निघतात, ते सांगायचं असतं. मॅक्लॉफ्लिनचा बाज सिंफनी आल्याने बदलला नाही, तसाच सुसाट आहे. बदललं ते भोवतालचं. मी ‘पैस’ म्हणेन. पाचजणांच्या खोलीची भिंत पाडून समोर अंगण काढावं तसं ऐकू येतं ते.

मूळ प्रश्नकर्ता
पैस! मग असं लिहितो: ‘१९७४ साली लंडन सिंफनीला पाहुणं बोलावून मॅक्लॉफ्लिनने बँडच्या वादनाचा पैस वाढवला.’ आधी ‘पैसाचा विस्तार केला’ लिहिलं होतं. टिपण तपासून देणाऱ्या मित्राने त्याचं ‘पैशाचा विस्तार’ करून परत पाठवलं.